झेंड्याच्या टोकाशी समुद्र

कॅलिपॅट्रिया गावात एक खांब आहे,
एकशे चौऱ्याऐंशी फूट उंच.
त्याच्या टोकाशी समुद्रसपाटी.
म्हणजे बँक, टपाल कचेरी, टायरचं दुकान
आणि खांबाखाली टोपी सावरत उभी असलेली मी,
हिशेबाने सगळे बुडालेले.
पाणी तेवढं आलेलं नाही.

मेहकरची मावशी फोनवर विचारते,
"काय पडलं होतं गं तिथे?
आपल्या लोणारसारखं?"
नाही मावशी, वरून काहीच आलं नाही.
खालचे दोघे दोन दिशांना निघाले, एवढंच.
भांडण नाही, आदळआपट नाही,
वर्षाला दोन-तीन बोटं.
तू कणकेचा गोळा दोन्ही हातांनी ओढतेस ना,
मधे पातळ होतो, आणि फाटण्याआधी
जरासा खाली लोंबतो,
ते लोंबणं म्हणजे हे खोरं.

मग समुद्र आत आला, दक्षिणेच्या आखातातून,
कुणाचं घर रिकामं दिसलं की येतात तसा.
पश्चिमेच्या उघड्या डोंगरात
मी हातोडीने कालवं सुटी केली आहेत,
ओठ मिटलेली, आत दगड भरलेला.

दार लावलं ते नदीने.
कोलोराडो. वरच्या मुलखातला लाल डोंगर
चिमूट चिमूट खरवडून आणायची
आणि इथे, आखाताच्या ऐन मध्यावर, पदर झटकायची.
गाळाचा आडवा बांध पडला.
बांधापलीकडे समुद्र राहिला,
अलीकडे ऊन.

तरी ती अधूनमधून वाट चुकायची,
इकडे वळायची, तळं भरायचं.
उतारावर अजून दगडांचे सापळे आहेत,
इथल्या मूळच्या लोकांनी मासे धरायला रचलेले,
एकाखाली एक, एकाखाली एक.
तळं आटत गेलं
आणि माणसं वाकून त्याच्या मागे गेली.
शेवटच्या ओळीतले दगड घाईत लावल्यासारखे वाटतात.

एफ्राइन ओचोआ बोअरवर असतो.
दोन किलोमीटर खालून आलेली नळकांडी
तो पाइपच्या पाण्याने धुतो, माझ्या हातात देतो.
गरम. भाजक्या कणसाइतकी.
नदीचा गाळच, पण खाली शिजून शिजून
हिरवा दगड झालेला.
"माझे आजोबा मेहिकालीला याच गाळात कापूस वेचायचे,"
तो म्हणतो, "त्यांनी वरचा हातभर पाहिला."
खाली अजून तीन-चार किलोमीटर हेच आहे.
जितकं खचत गेलं तितकं ती भरत गेली,
आणि तरीही
आम्ही समुद्राच्या खालीच.

मी काळ्या दगडावरची.
आमच्याकडे सगळं ओतलेलं, थरावर थर,
निवलेलं, बसलेलं.
टाच आपटली तर जमीन ठणकावून उत्तर देते.
इथे परवा रात्रभर कपाटातले पेले बोलत होते.
सकाळी एफ्राइनच्या बायकोने आकडा सांगितला,
एकशे बारा धक्के,
आणि मग अंड्यांचा भाव.
मी पेले खालच्या फळीवर ठेवले.

"आणि निशिकांत?" मावशी विचारते.
सिएटललाच आहे. बरा आहे.
"भांडलात का?"
नाही गं.
ती बराच वेळ काही बोलत नाही.
मागे तिच्या कुकरची शिटी होते, दोन, तीन.
मग म्हणते, "तिथे पाणी गोड आहे का?"
कालव्याचं गोड आहे, मी सांगते. तळ्याचं नाही.
"लोणारचंही नाही," ती म्हणते,
जणू तेवढ्याने काहीतरी जुळलं.

संध्याकाळी वारा सुटतो.
कांद्याच्या शेतावरून, टायरच्या दुकानावरून
वर, आणखी वर,
जिथे लाटा असायला हव्या होत्या तिथे
दोरीची कडी खांबावर वाजत राहते,
टण्
टण्,
आणि मी खालून,
अंदाजे पाण्याच्या तळाशी उभी राहून,
ऐकते.